इनासनं घातलेलं पाणी

दुसरा पुकारा झाला त्या रविवारी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, आटोपून मी अंगावरची वस्त्रं उतरवत होतो, तेवढ्यात बिट्रिस आत आली. बिट्रिस म्हणजे आमच्या ठाण्याच्या देवळात सगळ्यात पुढं बसणारी म्हातारी. प्रवचन चालू असताना ती डोळे मिटून घेते आणि मी कुठं घसरलो की नेमकी तेव्हा उघडते. चौदा वर्षं मी इथं पाद्री आहे, पण त्या बाईनं डोळे उघडले की अजून माझं पुढचं वाक्य चुकतं.

"फादर, एक इचारू?"

"विचार, पण लवकर. माझ्या पोटात कालपासून अन्नाचा कण नाही."

"ज्यानं पोरीला पाणी घातलं, त्याचं लगीन पोरीच्या आईशी लागतंय?"

"नाही लागत," मी घडी घालता घालता म्हणालो. "धर्माचं नातं जडतं ना त्यांच्यात. का गं?"

"नाय, आपलं सहज. तुमी दोन पुकारे केलेत म्हणून इचारलं." आणि पदर सावरून ती चालती झाली.

सहज म्हणे! माझ्या हातातली घडी खाली पडली.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वेदीवरून नवरानवरीची नावं पुकारतात. या लग्नाला कुणाची हरकत असेल, काही आडकाठी ठाऊक असेल, तर त्यानं पाद्र्याला येऊन सांगावं, असा नियम. त्या दोन रविवारी मी ज्यांची नावं पुकारली होती ती कोलशेतच्या इनासची आणि क्लेमेंटिनाची. क्लेमेंटिना विधवा. तिचा नवरा पेद्रू तापानं गेला तेव्हा ती पोटुशी होती. दोन महिन्यांनी दिवस भरायच्या आत बाळंत झाली, आणि मुलगी तासभरसुद्धा टिकली नाही. मला बोलावणं आलं तोवर सगळं संपलं होतं. पण मुलगी बाप्तिस्म्यावाचून गेली नव्हती. शेजारच्या इनासनं तिला पाणी घातलं होतं.

मी नोंदवही काढली. उपाशीपोटी, उभ्याउभ्याच पानं उलटली. माझंच अक्षर होतं. 'मारी, पेद्रू व क्लेमेंटिना यांची मुलगी. प्राणसंकटी इनास, राहणार कोलशेत, याने पाणी घातले. त्याच दिवशी दफन.' खाली माझी सही, शेपटीसकट. पुकारा करण्याआधी ही वही पाहायची असते. मी पाहिली नव्हती. विधवा आहे, नवऱ्याच्या दफनाची नोंद आहे, संपलं, असं म्हणून मी मोकळा झालो होतो.

आणि कपाळ माझं, इनासला हे पाणी घालायला शिकवलं कुणी? मीच की! खाडीकाठच्या गावांना भरतीच्या वेळी पोचता येत नाही, पावसात तर चार चार दिवस नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी मी गावोगाव फिरून बाप्यांना आणि बायांना शिकवलं होतं. चिंध्यांची बाहुली करायची, करवंटीत पाणी घ्यायचं, डोक्यावर ओतायचं आणि ओतता ओतता म्हणायचं, मी तुला बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो. जीव जात असला तर पाद्र्याची वाट पाहू नका, कुणीही घाला. इनासनं ते शब्द पाठ करायला तीन दिवस घेतले. होडी वल्हवताना ओरडून ओरडून म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. मी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली होती. पाणी घालणारा पुढं त्या पोराच्या आईशी लग्न करायचं म्हणेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्यात एवढं काय? बिशपसाहेबांना लिहायचं, सूट मागायची. असल्या आडकाठीला सूट मिळते, हे मलाही ठाऊक होतं. ठाण्याहून सकाळची गाडी धरली तर दुपारी मी मुंबईत त्यांच्या दारात उभा असतो. पण मागच्याच वर्षी मी एका लग्नात असाच घोळ घातला होता. नवरा कल्याणकडचा आणि तिकडच्या देवळात पुकारा करायचा राहून गेला. तेव्हा बिशपसाहेबांच्या चिटणिसाचं पत्र आलं होतं. 'नोंदवह्या वाचणे हेही पाद्र्याचे काम असते, याची आपणास आठवण असावी.' एवढी एकच ओळ, तीही कोवळ्या वयाच्या माणसाची! मी ते पत्र फाडलं, पण ती ओळ काही फाटली नाही. आता परत त्याच माणसासमोर जाऊन उभं राहायचं? पन्नाशी उलटलेल्या माणसानं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शिवाय वेळही नव्हता. पुढच्या रविवारी तिसरा पुकारा, सोमवारी लग्न, आणि बुधवारी राख. राखेच्या बुधवारापासून उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले की पुनरुत्थानाच्या सणापर्यंत लग्न लागत नाही. कोलशेतात तांदूळ कुटून झाले होते, मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. हे सगळं मी स्वतःला परत परत सांगत होतो. मागल्या आवारात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की देवळाची सफाई करणारी बाई झाडू टेकवून बघत राहिली. मी तिच्यावरही खेकसलो. बिचारीचा काय दोष होता?

सोमवारी मी इनासला बोलावून घेतलं. पापनिवेदनाला नाही, बाहेर ओटीवर. ते मुद्दाम सांगतो, कारण पापनिवेदनात ऐकलेलं मी कुणापुढं बोलू शकलो नसतो. आणि ही गोष्ट न बोलता माझ्यानं राहवत नाही.

तो खाली बसला. तिशीचा गडी, खांदे दारात न मावणारे, आणि आवाज मात्र अगदी हळू. मी त्याला आडकाठी समजावली. त्याचा चेहराच उतरला.

"म्हंजे लगीन नाय?"

"तसं नाही म्हणत मी. इनास, आता नीट आठव. तू पाणी घातलंस तेव्हा मुलगी जिवंत होती?"

"जित्ती होती."

"नीट आठव. श्वास चालू होता? तू काही वैद्य नाहीस. घरात अंधार, बायका रडतायत, तुझे हात थरथरतायत. मेलेल्याला पाणी घातलं तर तो बाप्तिस्मा होत नाही. बाप्तिस्मा नाही तर नातं नाही. नातं नाही तर आडकाठी नाही. कळलं?"

त्यानं मान हलवली. कळलं की नाही देव जाणे.

"आज उत्तर देऊ नकोस," मी म्हणालो. "घरी जा. विचार कर. खरोखर जिवंत होती का, ते मला उद्या येऊन सांग."

तो उठला, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "फादर, मग पोरीचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. आमच्या धर्मशिक्षणात ते लहान मुलांनाही पाठ असतं. बाप्तिस्म्याविना गेलेलं पोर देवाचं तोंड पाहत नाही. त्याला पवित्र जमिनीत जागाही नसते, कुंपणाबाहेर पुरतात. मारीला मी स्वतः कुंपणाच्या आत, तिच्या बापाच्या पायाशी पुरलं होतं. ते सगळं माझ्या जिभेवर होतं.

"ते देवावर सोड," मी म्हणालो.

मंगळवारी तो आला. बसला नाही. ओटीच्या फरशीकडं बघत म्हणाला, "फादर, पोर मेलेलं व्हतं."

"नक्की?"

"नक्की."

मी कागदावर त्याचं म्हणणं उतरून घेतलं आणि अंगठा घेतला. माझा हात मुळीच थरथरला नाही, हे मला आजही आठवतं. उलट बरं वाटलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! चिटणिसाला पत्र नको, मुंबई नको, लग्न ठरल्या दिवशी. इनासही खूश, क्लेमेंटिनाही खूश. मी त्याला गूळ-खोबरं दिलं. त्यानं ते हातात धरलं, खाल्लं नाही.

पण मग सुरू झालं. संध्याकाळची प्रार्थना म्हणायला बसलो तर तीच ओळ चारदा. उपासाच्या पहिल्या रविवारचं प्रवचन लिहायला घेतलं. विषय मीच महिनाभर आधी ठरवून ठेवला होता, 'ख्रिस्ती माणसानं खरं बोलावं'. लिहायला काहीच सुचेना. खरं सांगायचं तर अशी प्रवचनं मी डोळे झाकून करतो. शेजाऱ्याचं कुंपण सरकवू नका, दारू पिऊन बायकोला मारू नका, खोटी शपथ घेऊ नका. लोक माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर कुंपणावरूनच भांडतात. मी नेहमी त्यांच्यावरच चिडायचो. पाद्र्यालाही सोयीचं खोटं गोड लागतं हे मी कधी प्रवचनात सांगितलं नाही. सांगायचं मनातही आलं नाही. देवळाचा कारभार सुरळीत चालावा, कुणाची तक्रार वर जाऊ नये, यालाच मी ख्रिस्ती जीवन समजत आलो होतो की काय? या विचारानं मला धड बसवेना.

मनाची समजूत घालायला मी एक युक्ती काढली. नियमाप्रमाणं एका माणसाच्या साक्षीवर भागत नाही. आईही घरात होती, तिचंही म्हणणं लिहून घ्यायला हवं. तिनं 'हो' म्हटलं की दोन साक्षी झाल्या, मग माझ्या मनाला टोचायचं कारण उरलं नाही. बुधवारी सकाळी मिस्सा झाल्या झाल्या मी बाळकुमच्या वाटेनं कोलशेतला निघालो. भर वेगानं चालत होतो. वाटेत दोघांनी 'फादर, नमस्कार' म्हटलं ते मला पुढं गेल्यावर ऐकू आलं.

क्लेमेंटिना अंगणात कोळंबी सोलत बसली होती. समोर टोपली, बाजूला सालींचा ढीग, तीन मांजरं. मला पाहून ती गडबडीनं उठली, हात धुतले, पाट आणून टाकला. शेजारच्या अंगणात शेवंती जाळ्याची भोकं शिवत होती. शेवंती गावची सुईण. आमच्या धर्मातली नाही, पण कोलशेतातल्या निम्म्या ख्रिस्ती पोरांना पहिल्यांदा हात तिचाच लागलेला.

"लग्नाचं काय राहिलं का फादर?" क्लेमेंटिना हसत म्हणाली. तिला हसताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. "साडी आणलीय. दाखवू?"

"मग बघू. आधी एक काम आहे." मी पाटावर बसलो आणि कागद उलगडला. आडकाठी सांगितली, सूट लागते तेही सांगितलं, आणि मग घाईघाईनं म्हणालो, "पण आता काळजी नाही. इनासनं लिहून दिलंय की पाणी घातलं तेव्हा मुलगी गेलेली होती. तुझाही अंगठा झाला की मोकळे झालो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, तिला समजलं नाही. मी परत सांगायला तोंड उघडलं.

"मग माजं पोर कुठं हाय?" तिनं विचारलं.

"क्लेमेंटिना, देवाची दया फार मोठी..."

"तसं नाय. मातीच्या दिवशी तुमी मना सांगितलंत, रडू नको, तुजी पोर सरळ देवाजवळ गेली. पाणी मिळालंय तिला, असं सांगितलंत. तवा मी उठले. तवा मी जेवले. रोज मी तिला सांगते, मारी, माज्यासाठी देवाला सांग. मग मी कुणाला सांगत व्हते?"

मी हातातल्या कागदाची घडी घालायला लागलो.

"लिवा," ती म्हणाली. "पाणी लागलं म्हणून लिवा. मना लगीन नको."

"अगं, असं एकदम..."

"नको म्हटलं ना! मी बिनदादल्याची ऱ्हाईन. इतकी वर्षं ऱ्हायलेच ना? तिला दुसरं काय दिलंय मी? दूध नाय दिलं, अंगडं नाय दिलं. तेवढं पाणीच हाय तिच्यापाशी. ते तुमी काढून घेताय?" तिचा आवाज असा चढला की मांजरं पळाली. मग ती तिथंच सालींच्या ढिगाशेजारी बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

शेवंती जाळं टाकून कुंपणाच्या फटीतून आत आली. म्हातारी पाच फुटांचीही नसेल, पण माझ्यासमोर अशी उभी राहिली की मी पाटावरून उठलोच.

"काय केलंस रं पाद्र्या तिला?"

मला कुणी 'पाद्र्या' म्हटलेलं चालत नाही. त्या दिवशी चाललं. मी तिला सांगितलं.

"कोन बोलतो पोर मेलेलं व्हतं? इनास? त्याची अक्कल कुठं गेली? पोर माज्या हातात व्हतं, ह्या हातात. करवंटीतलं पाणी पडल्याबरोबर शिंकलं ते. दोनदा शिंकलं. थंड पाणी ना! मीच इनासला शिव्या दिल्या, कोमट करून तरी आणायचंस म्हणून. मंग कितीतरी येळ जित्तं व्हतं. आईच्या कुशीत दिलं, बोट धरलं तिचं."

"मला कुणी सांगितलं नाही हे," मी म्हणालो.

"तू इचारलंस कवा? तवा आलास, वहीत लिवलंस आनि गेलास. आता बी आलास तर हिच्याकडं. मी व्हते ना घरात! तुमचा धरम मना ठावं नाय. पन शिंकतंय ते मेलेलं नसतंय, एवढं मना ठावं हाय."

क्लेमेंटिनाचं रडणं थांबलं होतं. "शिंकली व्हती, मना आठवतंय," ती हळू म्हणाली. मग तिनं विचारलं, "मग इनास असं का बोलला?"

तिथंच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "मी बघतो," आणि तिथून अक्षरशः पळालो. कागद बाळकुमच्या वाटेवर फाडला, इतका बारीक फाडला की बोटं दुखली.

गुरुवारी पहिल्या गाडीनं मुंबई गाठली. काय काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो. बिशपसाहेबांच्या बंगल्यावर तोच चिटणीस बसला होता, माझ्या पुतण्याच्या वयाचा. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वही न पाहता पुकारे केले तेही सांगितलं. आता हा काहीतरी लागट बोलणार, म्हणून मी दात आवळून उभा होतो.

त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. "धर्माचं नातं, बाप्तिस्म्यावरून," तो पुटपुटला आणि कप्प्यातून एक कागद काढला. "खाडीकडच्या गावांतून अशी बरीच येतात, फादर. नावं सांगा." त्यानं नावं भरली, आत गेला, सहीशिक्का घेऊन आला. मला वाटतं अर्धा तासही लागला नसेल. तो म्हणाला, "चहा घेणार?"

एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी एका आईचं पोर कुंपणाबाहेर टाकायला निघालो होतो. मला त्या पोरसवदा माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. चहा मात्र मी घेतला.

शुक्रवारी इनास स्वतःच मला न्यायला आला. गावात बोभाटा झालाच होता. भरतीची वेळ होती, म्हणून होडी घेऊन आला होता. मी कागद दाखवला, म्हणालो, "सूट मिळाली." त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. त्यानं होडी खाडीच्या मध्यावर घेतली.

"क्लेमेंटिना दार उघडत नाय," शेवटी तो म्हणाला.

"इनास, मुलगी जिवंत होती ना?"

"व्हती. पयल्यांदाच सांगितलं ना तुमाला?"

"मग दुसऱ्या दिवशी खोटं का बोललास?"

त्यानं वल्हं थांबवलं. त्याला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो खरोखरच कोड्यात पडल्यासारखा बघत होता. "तुमी दोन-तीनदा इचारलंत, फादर. नीट आठव, नीट आठव. तवा मना वाटलं, तुमाला तसंच पायजे. आनि तुमी बोललात, पोरीचं देवावर सोड. मना वाटलं, देवाचं तुमाला ठावं असंल."

आणि तो परत वल्हवायला लागला. भरती पुरती चढली नव्हती, होडी चिखलाच्या अलीकडंच लागली. इनास उतरला नाही. "तुमीच जा," म्हणाला. "तुमाला उघडंल."

मला उघडलं तिनं. आज ती घरातच होती, खालमानेनं कोळंबीची डोकी मोडत होती. मी पाटाची वाट पाहिली नाही, जमिनीवरच बसलो आणि लॅटिन कागदातलं एकेक वाक्य मराठीत सांगितलं. कोलशेतच्या इनासनं प्राणसंकटी योग्य रीतीनं दिलेल्या बाप्तिस्म्यामुळं जे धर्माचं नातं उत्पन्न झालं आहे, त्याची आडकाठी आम्ही दूर करीत आहोत.

"योग्य रीतीनं, असं लिवलंय?" तिनं विचारलं.

"हो."

"मोठ्या फादरनं?"

"त्यांची सही आहे खाली. ही बघ."

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिनं ओला हात पदराला पुसला आणि त्या सहीवर एक बोट टेकवलं. मग ती डोळे मिटून थोडा वेळ काही पुटपुटली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"आता सोमवारी लग्न लावता येईल," मी म्हणालो. "रविवारी तिसरा पुकारा करतो."

"नका करू."

"क्लेमेंटिना, तो चांगला माणूस आहे."

"चांगलाच हाय. तुमाला येता आलं नाय तवा तो आला, पाणी घातलं, ते मी मरेपर्यंत नाय विसरायची. पन माज्याशी लगीन लागावं म्हणून त्यानं माजं पोर सोडून दिलं, फादर. एका दिवसात. उद्या आमाला पोरं झाली, तर ती कशापायी सोडंल?"

आता मात्र मागं सरायला जागा नव्हती. मी म्हणालो, "ते त्याचं बोलणं नव्हतं. मी त्याच्या तोंडात घातलं. तो मला पहिल्यांदा खरंच सांगत होता. मला मुंबईला जायची लाज वाटत होती, म्हणून मी त्याला ती वाट दाखवली. त्याला दोष देऊ नकोस, माझा आहे."

इतकं बोलायला मला पाच दिवस लागले. ती आता ओरडेल, मला बाहेर काढेल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मी ते प्रसादासारखं घेतलं असतं. तिनं नुसतं वर पाहिलं.

"ठावं हाय मना," ती म्हणाली. "इनासला येवढं कुठलं सुचायला? पन तो हो बोलला ना."

आणि तिनं पुढची कोळंबी हातात घेतली. मग कागद तिच्या पाटाशेजारी ठेवला, उठलो आणि बाहेर आलो. होडीपर्यंत चिखलातून शंभरेक पावलं चालायचं होतं, आणि इनास वल्हं हातात धरून, उभा राहून, माझ्याकडंच बघत होता.